त्रेपन्न किल्ल्या, एक खुर्ची

थोरलीच्या दुकानात खुर्चीच्या पाठीमागं भिंतीला एक फळी ठोकलेली होती. फळीला खिळे, खिळ्यांना किल्ल्या. मोजून त्रेपन्न. एकाही किल्लीला चिठ्ठी नाही, नंबर नाही, रंगाचा ठिपका नाही. तरी गिऱ्हाइकानं दारात उभं राहून "दोन खोल्या, तळमजला, पाण्याची अडचण नको" एवढं म्हणायचा अवकाश, थोरलीचा हात मागं जायचा आणि न बघता नेमकी किल्ली घेऊन यायचा. रानातनं आलेली गाय अंधारातसुद्धा आपलाच खुंटा गाठते, तसा. सगळी पेठ तिला किल्लीबाई म्हणायची. तिला ते आवडायचं, फक्त तोंडावर दाखवायची नाही.

धंदा घरं दाखवायचा. विकायची घरं, भाड्यानं द्यायची घरं. दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली. एका अंगाला इस्त्रीवाला, दुसऱ्या अंगाला झेरॉक्सवाला. काचेच्या दारावर आतून चिकटवलेले "देणे आहे", "पाहिजे आहे" असले कागद, उन्हानं पिवळे पडलेले. आत एक टेबल, टेबलामागं फिरती खुर्ची. खुर्चीच्या हाताचं रेक्झिन फाटलेलं, त्यावर चिकटपट्टीचे तीन थर. आणि दाराशी एक स्टूल. खुर्ची थोरलीची, स्टूल धाकटीचं.

धाकटी म्हणजे तिची जाऊ. चार वर्षांपूर्वी "घरात बसून कंटाळा येतो हो ताई" म्हणत दुकानात आली आणि स्टुलावर टेकली ती टेकलीच. चहा ठेवायचा, फोन उचलायचा, करारनाम्यातल्या रिकाम्या जागा भरायच्या, हे तिचं काम. अक्षर मात्र असं की करारनामा छापून आणल्यासारखा दिसायचा. थोरलीचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय शाईत बुडवून तिला कागदावर सोडल्यासारखं. पण अक्षरानं घरं विकली जात नाहीत, असं थोरली म्हणायची, आणि बावीस वर्षं ते खरंही होतं.

थोरली शाळेत सातवीपर्यंत गेलेली. पण घर तिला वाचता यायचं. खोलीची लांबी-रुंदी ती पावलांनी सांगायची, आणि फीत लावून बघितलं तर बोटभरसुद्धा चुकायची नाही. भिंतीवर टिचकी मारून आत वीट आहे का नुसताच पुठ्ठा, ते ओळखायची. कुठलं घर कुठल्या वेळेला दाखवायचं हे तिचं खास शास्त्र. पश्चिमेच्या खिडक्यांचं घर सकाळी. शाळेच्या मागचं घर सुट्टीच्या दिवशी. शेजारच्या पंपाची घरघर असलेलं घर दुपारी दोन ते चार, कारण तेव्हा पंप बंद असतो. गिऱ्हाइकाचीही पारख तशीच. आल्या आल्या नळ सोडून बघतो तो घर घेणार. खिडकीतून बाहेर बघून "वा!" म्हणतो तो नुसताच हिंडायला आलेला. आणि भिंतीला ओल असली तर नवरा होताच रंगारी. त्याचा एक हात फिरला की भिंत सहा महिने तरी तोंड उघडत नसे. त्याला सवड नसली, तर ओलीपुढं एक कपाट सरकवायचं. कपाट हलवून बघणारं गिऱ्हाईक बावीस वर्षांत तिला एकच भेटलं होतं, आणि तेही कपाटं विकणारं होतं.

असं सगळं सुरळीत चाललं असताना सरकारनं कायदा काढला. घरांची दलाली करणाऱ्यानं परीक्षा द्यायची. शंभर प्रश्न, कॉम्प्युटरवर, एकेका प्रश्नाला चार उत्तरं. सत्तर बरोबर आली तर परवाना. ज्याच्याकडं परवाना नाही त्यानं गिऱ्हाइकाशी घराबद्दल चकार शब्द बोलायचा नाही. दार उघडावं, चहा द्यावा, गप्प बसावं. आणि एका दुकानाला एकच प्रमुख. पाटीवर नाव त्याचं, सही त्याची.

घरात हा विषय निघाला तो जेवताना. दोन्ही भाऊ एकाच घरात, वरच्या-खालच्या मजल्यावर राहायचे, पण जेवण एकत्र. धाकटीचा नवरा बस चालवायचा आणि दिवसभर मुकाट बसायला लागायचं म्हणून घरी आल्यावर तोंड चालवायचा.

"वहिनी, तुम्ही दोघीही बसा परीक्षेला," तो म्हणाला. "जिला जास्त मार्क, ती प्रमुख. तिची खुर्ची, दुसरीला स्टूल. काय?"

"अहो, काहीतरीच काय!" धाकटी म्हणाली. "ताईंची बरोबरी मी कुठं करणार?"

आता हेच ती बोलली नसती तर बरं झालं असतं. थोरलीला वाटलं, ही नम्रपणा दाखवतेय म्हणजे हिच्या मनात आहे.

"का? होऊन जाऊ दे की!" थोरलीनं ताट पुढं सरकवलं. "बावीस वर्षं घरं विकली मी. कागदावरच्या घरांना भिते की काय? जिला जास्त मार्क तिची खुर्ची. बोलले मी. सगळ्यांसमोर बोलले."

"बघ हं," रंगारी म्हणाला. "जीभ काय, आपल्या घरची असते. खुर्ची फिरती आहे."

"तुम्ही भिंती बघा तुमच्या!"

शिकवणी दर रविवारी एका शाळेत. लहान पोरांच्या बाकांवर मोठाली माणसं, गुडघे हनुवटीला लागलेले. शिकवणारे मास्तर नोंदणी कचेरीतून निवृत्त झालेले, अंगानं वाळक्या शेंगेसारखे, पण आवाज असा की मागच्या बाकावरचा डुलणारासुद्धा दचकून जागा व्हायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "गिऱ्हाइकानं विचारलं, भिंतीला ओल आहे का? दलालानं काय करायचं?"

थोरलीनं हात वर केला. हा तर तिच्या रोजच्या वहिवाटीतला प्रश्न. "त्याला गच्चीवर न्यायचं," ती म्हणाली. "गच्चीवर वारा लागला की माणूस ओल विसरतो."

सगळा वर्ग खदखदून हसला. थोरलीला आधी वाटलं, उत्तर आवडलं. मग मास्तरांचा चेहरा बघितला.

"बाई," मास्तर म्हणाले, "ह्या उत्तराला मार्क नाहीत. दंड आहे."

महिन्याभरानं सराव परीक्षा झाली. मास्तरांना मार्क मोठ्यांदा वाचायची खोड. धाकटी, अठ्ठ्याऐंशी. थोरली, एक्केचाळीस. "ह्यांच्याकडून शिका," ते धाकटीकडं बोट करून सगळ्यांना म्हणाले, पण बघितलं थोरलीकडंच.

त्या दिवसापासून थोरलीच्या पोटात जे दुखायला लागलं ते कुठल्या औषधानं थांबेना. आजवर धाकटीकडं तिनं नीट बघितलंच नव्हतं. स्टूल असतं तशी धाकटी होती. आता बघायला लागली तर जिकडंतिकडं धाकटीच. धाकटीचा चष्मा. तो नाकावरून घसरला की ती मधल्या बोटानं वर सारायची, तेवढ्यानंही थोरलीचं डोकं फिरायचं. धाकटीचे तीन रंगांचे पेन. एकदा वाचलेलं तिला लक्षात राहतं हे, आणि ती ते सांगत नाही हे. जेवताना रंगारी म्हणाला, "धाकटीचं डोकं चालतं हो," आणि थोरलीनं त्याला त्या दिवशी दुसऱ्यांदा वाढलंच नाही. गिऱ्हाइकंही फितूर झाली. एक म्हातारं जोडपं दारात उभं राहून म्हणालं, "त्या चष्म्यावाल्या बाई आहेत का? त्या कायद्याचं सगळं समजावून सांगतात."

"बाहेर गेल्यात," थोरली म्हणाली. धाकटी पाठीमागं चहा गाळत होती.

मग थोरलीनं एक युक्ती केली. रिकाम्या घरांना अधूनमधून हवा द्यायला लागते. खिडक्या उघडायच्या, नळ सोडायचे, तासभर थांबायचं, नाहीतर घर कुबट होतं आणि गिऱ्हाईक उंबऱ्यावरूनच परत फिरतं. हे काम पंधरवड्यातून एकदा व्हायचं. थोरलीनं ते रोजचं केलं. दुपार झाली की फळीवरची किल्ली काढायची, धाकटीच्या हातात ठेवायची.

"चौथ्या मजल्यावरचं ते घर. लिफ्ट बंद आहे. दोन तास तरी खिडक्या उघड्या ठेव हं, घाई करू नको."

"बरं ताई."

ती परत आली की किल्ली घ्यायची, दुसरी द्यायची. "आता ते मागच्या गल्लीतलं."

"बरं ताई."

असं पंधरा दिवस तिला पळवलं. अभ्यासाला वेळच मिळायचा नाही, असा थोरलीचा हिशेब. आणि स्वतः दुकानात पुस्तक उघडून बसायची. पण पुस्तकातला शब्द डोळ्यांतून आत जायचा आणि कानातून बाहेर पडायचा. "हस्तांतरणकर्ता", "विश्वस्त-कर्तव्य", "प्रकटीकरण". एकेक शब्द असा, की तोंडात घेतला तर दात हलावेत. दुसऱ्या सराव परीक्षेत थोरलीला सेहेचाळीस. धाकटीला ब्याण्णव.

"इतकी हिंडते, मग वाचते कधी ही?" थोरली रंगाऱ्याला म्हणाली.

"जिन्यावर वाचत असेल."

थोरलीला राहवेना. दुसऱ्या दिवशी धाकटी चौथ्या मजल्यावरून परत आली तशी थोरली तीच किल्ली घेऊन निघाली. ऐंशी पायऱ्या चढून गेली. दार उघडलं. मोकळी खोली, चकाचक फरशी, वारा नुसता भणाणत होता. रस्त्याचा आवाजसुद्धा वर पोचत नव्हता. खिडकीच्या रुंद कट्ट्यावर एक उशी, पाण्याची बाटली आणि एक जाडजूड वही, विसरलेली.

थोरली उशीशेजारी कट्ट्यावर टेकली. सगळ्या गावात अभ्यासाला याहून निवांत जागा शोधून सापडली नसती. आणि ती जागा धाकटीला तिनं स्वतःच्या हातानं, रोज, किल्ली देऊन मिळवून दिली होती. शेजाऱ्याच्या शेताला पाणी मिळू नये म्हणून बांध फोडावा आणि पाणी नेमकं त्याच्याच वाफ्यात जावं, तशातली गत.

मग तिनं वही उघडली.

जे पान उघडलं त्यावर निळ्या शाईत सुंदर अक्षरात लिहिलं होतं: "कलम चार. घरातला दोष लपवणे." खाली हिरव्या शाईत: "उदाहरण: कोपऱ्यावरचं घर. जाऊबाईंनी ओलीपुढं कपाट ठेवलं."

 थोरलीनं पान उलटलं.

"कलम सात. दोष दिसू नये अशा वेळी घर दाखवणे. उदाहरण: पंपाशेजारचं घर. जाऊबाई, दुपारी दोन ते चार."

"कलम नऊ. एकाच व्यवहारात दोन्ही बाजूंकडून, एकमेकांना न सांगता काम करणे. उदाहरण: जाऊबाई, नेहमी."

"कलम अकरा. मालकाच्या घराची किल्ली स्वतःच्या कामाला वापरणे. उदाहरण: नणंदबाई मुलाबाळांसकट आल्या तेव्हा जाऊबाईंनी त्यांना पाच दिवस विकायच्या घरात उतरवलं. गिऱ्हाईक आलं तर 'भाडेकरू आहेत, जाणार आहेत' असं सांगायला शिकवलं."

"कलम बारा. जाहिरातीत खोटं लिहिणे. उदाहरण: 'बागेसमोर'. जाऊबाई. ती बाग नाही, नर्सरीवाल्याचा ट्रक उभा असतो."

पानामागून पान. सदतीस कलमं, आणि सदतीस गुन्ह्यांना आरोपी एकच. खुद्द थोरलीला आठवत नव्हते असलेही उद्योग त्यात तारीखवार होते. स्टुलावर मान खाली घालून चहा गाळणाऱ्या बाईनं चार वर्षं सगळं बघून ठेवलं होतं.  थोरलीनं वही खिडकीतून भिरकावायला हात उचलला, आणि तसाच राहिला.

कारण तिच्या ध्यानात आलं की कलम चार तिला पाठ झालंय. सातही. नऊ, अकरा, बारा, सगळी. पुस्तकातून दीड महिन्यात जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते एका वाचनात आत जाऊन घट्ट बसलं. "प्रकटीकरण" म्हणजे काय ते तिला कळेना, पण कोपऱ्यावरचं कपाट तिला चांगलंच ठाऊक होतं. माणूस दुसऱ्याचं पुण्य विसरतो, स्वतःचं पाप विसरत नाही.

तिथंच बसून तिनं वही शेवटपर्यंत वाचली. शेवटच्या पानावर होतं: "कलम अडतीस. दलालाचं योग्य आणि प्रामाणिक वर्तन. उदाहरण:" आणि पुढं नुसती रिकामी जागा. कोपऱ्यात बारीक अक्षरात, "जाऊबाईंचं एखादं आठवून लिहिणे."

ते रिकामं पान थोरलीला सदतीस पानांपेक्षा जास्त झोंबलं. एखादं! आठवून! म्हणजे हिला चार वर्षांत एकही आठवलं नाही? तिनं पिशवीतून पेन काढला आणि कोंबडीच्या पायांनी लिहून टाकलं: "मराठी शाळेतले एक निवृत मास्तर तळ मजल्याचं घर घेत होते. मालक गाव सोडून चालला होता त्याला घाई होती. मी मास्तरांना कानात सांगितलं, आठ दिवस थांबा भाव उतरेल. उतरला. मास्तर अजून भेटले की हात जोडतात."

लिहिलं तेव्हा छाती फुगली. वही जागेवर ठेवली, दार लावलं, पायऱ्या उतरली. साठाव्या पायरीवर तिचा पाय थबकला. वही चोरून वाचायची आणि वर स्वतःच्या अक्षरात त्यात लिहूनही यायचं! चोरानं घरात शिरून भिंतीवर स्वतःचं नाव कोरावं, तसलं झालं. परत वर जावं म्हणून वळली, तर खालून धाकटी येत होती, धापा टाकत.

"ताई? तुम्ही इकडं?"

"नळ बघायला आले होते. टपकतोय म्हणे."

"टपकतोय का?"

"नाही."

"बरं ताई," धाकटी म्हणाली, तिच्या हातातली किल्ली घेतली आणि वर गेली.

त्या रात्री जेवताना धाकटीनं वहीचं नावही काढलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. थोरलीला वाटलं, एकदा भांडेल तर बरं. ओरडू दे, कचाकचा भांडू दे, भांडणात ती धाकटीला केव्हाही भारी पडली असती. पण धाकटी दुपारी नेहमीसारखी किल्ली मागायला उभी राहिली. दोन तासांनी परत आली. उशी आणली होती, बाटली आणली होती, वही आणली नव्हती.

थोरली तासभर बसली. मग ऐंशी पायऱ्या चढली.

वही कट्ट्यावर होती. तिनं शेवटचं पान काढलं. तिच्या कोंबडीच्या पायांखाली लाल शाईत धाकटीचं सुबक अक्षर: "हाही गुन्हाच. कलम एकोणीस. दलाल मालकाचा होता. मालकाची अडचण गिऱ्हाइकाला सांगायची नाही. मास्तर भले असोत. ('निवृत्त' शब्दात त ला त जोडायचा.)"

थोरली हसली का रडली हे सांगायला तिथं कुणी नव्हतं. पण घरी येऊन तिनं भांडी इतकी आदळली की वरच्या मजल्यावरून दिरानं विचारलं, "वहिनी, काय पाडापाडी चाललीय?"

त्यानंतर रोज असंच चाललं. धाकटी दुपारी जायची, वही ठेवून यायची. थोरली संध्याकाळी जायची, वाचून यायची. दोघी एकाच वहीवर, आणि एकमेकींशी त्याबद्दल अवाक्षर नाही. धाकटी आता वहीत प्रश्नही मांडून ठेवायला लागली. थोरली उत्तर लिहायची, दुसऱ्या दिवशी लाल शाईत चूक दिसायची. मार्क वाढत होते आणि थोरलीचा जळफळाटही वाढत होता. ही आपल्याला उघड उघड शिकवते, आणि तेही न बोलता, म्हणजे आपल्याला धन्यवादसुद्धा देता येऊ नयेत. अक्कल हिच्याकडं, अक्षर हिच्याकडं, आता मनाचा मोठेपणाही हिनंच दाखवायचा? दुसऱ्याला काहीतरी शिल्लक ठेवावं की नाही माणसानं!

परीक्षेच्या दिवशी दोघी एकाच रिक्षातून गेल्या. बंद काचांचा गार हॉल, मधोमध कॉम्प्युटरच्या रांगा. थोरलीनं उंदरासारखं ते यंत्र मुठीत धरलं आणि पहिला प्रश्न वाचला. "प्रकटीकरणाचे कर्तव्य" असं काहीतरी लांबलचक होतं. तिनं डोळे मिटले, कपाट आठवलं, तिसऱ्या उत्तरावर बोट दाबलं. पुढं पंप. पुढं नणंदेची पोरं. पुढं नर्सरीवाल्याचा ट्रक. स्वतःच्या बावीस वर्षांच्या लबाड्या एकेक करून रांगेनं समोर येत होत्या आणि प्रत्येकीच्या बरोबर उलट उत्तर द्यायचं, एवढंच काम होतं.

एकसष्टावा प्रश्न आला: "मालकास तातडीने घर विकणे भाग आहे, ही बाब मालकाच्या दलालाने खरेदीदारास सांगितली. हे वर्तन कसे?" पहिलं उत्तर होतं, "माणुसकीचे". थोरलीचं बोट त्यावर गेलंच. मास्तरांचे जोडलेले हात डोळ्यांसमोर आले. मग लाल शाई आली. बोट खाली सरकलं, चौथ्यावर. "गोपनीयतेचा भंग". दाबताना ती स्वतःशीच पुटपुटली, "घे बाई, तुझंच खरं."

निकाल लगेच पडद्यावर. थोरलीला सत्तर. बरोब्बर सत्तर, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. पास झाल्याचा आनंद तिला किती झाला म्हणाल, तर दार उघडून बाहेर येईपर्यंत. बाहेर धाकटी उभी होती.

"किती?" थोरलीनं विचारलं.

"झाले पास. तुम्ही?"

"मी किती विचारलं."

"चौऱ्याण्णव," धाकटी म्हणाली, आणि चष्मा मधल्या बोटानं वर सारला.

 रिक्षात धाकटी म्हणाली, "एकसष्टावा आला होता ना तुम्हालाही?"

"कुठला?"

"मास्तरांचा."

"आला असेल. मला काय एकेक आठवतंय?" थोरली बाहेर बघत राहिली. तो एक चुकला असता तर एकोणसत्तर झाले असते, हे तिला दिसत होतं आणि धाकटीला दिसतंय हेही दिसत होतं.

सगळ्यांसमोर बोललेला शब्द होता. दिरानं आठवण करून द्यायची गरज पडली नाही, तरी त्यानं दिलीच. "वहिनी, खुर्ची फिरली!" रंगाऱ्यानं दुकानाची पाटी उतरवली, दोन हात पांढरा मारला आणि धाकटीचं नाव लिहिलं. थोरली म्हणाली, "आमचं नाव लिहिताना हात कधी इतका सरळ चालला नाही तुमचा." धाकटी "राहू द्या ना ताई, खुर्ची तुमचीच" असं एकदा म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणाली असती तर थोरली बसलीही असती. पण दुसऱ्यांदा कुणी म्हणालं नाही. थोरली स्टुलावर बसली. चहा मात्र केला नाही. तो टपरीवरून मागवायला लागला.

धाकटीनं प्रमुख म्हणून पहिल्याच दिवशी कोपऱ्यावरच्या घरातलं कपाट हलवायला लावलं. दारावरचा "बागेसमोर"चा कागद खरवडून काढला. मग मागं वळून फळीकडं बघितलं.

"ताई, कलम पंधरा," ती म्हणाली. "प्रत्येक किल्लीला चिठ्ठी पाहिजे. घराचा पत्ता, मालकाचं नाव."

"पाहिजेच," थोरली म्हणाली. "कायदा म्हणजे कायदा."

धाकटीनं त्रेपन्न चिठ्ठ्या कापल्या, दोरे ओवले, हिरवा पेन काढला. पहिली किल्ली हातात घेतली, उलटसुलट केली आणि थांबली. चार वर्षं तिनं किल्ल्या थोरलीच्या हातातून घेतल्या होत्या आणि थोरलीच्या हातात परत दिल्या होत्या. फळीवरून एकही कधी स्वतः काढली नव्हती.

"ताई, ही कुठली?"

थोरलीनं किल्ली घेतली. अंगठ्यानं दाते चाचपले. उजेडाकडं धरली. पदरानं पुसली. बावीस वर्षांत जे ओळखायला तिला डोळे उघडावे लागले नव्हते, ते ओळखायला आज तिनं पाच मिनिटं घेतली.

"चौथा मजला," ती शेवटी म्हणाली. "तुझी अभ्यासाची खोली."

धाकटीनं लिहून घेतलं. दुसरी किल्ली पुढं केली. "आणि ही?"

"ही होय..." थोरलीनं डोळे बारीक केले. "नाही गं आठवत. वय झालं. उद्या आठवेल."

"ताई!"

"अगं, सत्तर मार्कांचं डोकं ते. एका दिवसाला एकच किल्ली झेपते."

तेवढ्यात दारात गिऱ्हाईक उभं राहिलं. दोन खोल्या, तळमजला, पाण्याची अडचण नको. धाकटीनं खुर्ची गर्रकन फिरवली, फळीकडं बघितलं. बावन्न किल्ल्या, एकीसारखी एक. मग तिनं स्टुलाकडं बघितलं.

"ताई, जरा..."

थोरली उठली. खुर्चीला वळसा घालून गेली, न बघता हात मागं नेला, किल्ली काढली आणि प्रमुखबाईंच्या तळहातावर ठेवली. "मागची गल्ली, हिरवं दार. आत्ता सकाळीच दाखव." आणि परत येऊन स्टुलावर अशी बसली, जशी बावीस वर्षं खुर्चीवर बसायची.

गिऱ्हाईक घर बघून, "कळवतो" म्हणून गेलं. किल्ली परत आली ती थोरलीच्याच हातात. धाकटीनं टेबलाचा खण उघडला, जाडजूड वही काढली, नवं पान उघडलं आणि निळ्या शाईत लिहायला लागली.

"काय लिहितेस?"

"कलम तेवीस. धंद्यातली माहिती सहकाऱ्यापासून जाणूनबुजून दडवणे." धाकटीनं हिरवा पेन उचलला आणि चष्म्यावरून बघितलं. "उदाहरण लिहू का?"

"लिही की," थोरली म्हणाली. "रोज एक लिही. बावन्न दिवस पुरेल."